डोक्यावरून गेलेले वाक्य

वाचकाचे पत्र, थोडक्यात

पत्रलेखक ४१ वर्षांचे असून चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत उत्पादनाचे नियोजन पाहतात. दहावीपर्यंतचे शिक्षण गावी मराठी माध्यमात झाले, पुढे त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली. गेली दोन वर्षे दर मंगळवारी दुपारी इंग्लंडमधील कार्यालयाबरोबर त्यांची ऑनलाइन बैठक असते. एका बैठकीत तिकडच्या वरिष्ठ बाईंनी पुरवठ्याचे नवे वेळापत्रक भराभर समजावून सांगितले. ते यांना नीट कळले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी मेल लिहिली, ‘सॉरी, आय वेंट ओव्हर युवर हेड यस्टरडे.’ तुमचे बोलणे माझ्या डोक्यावरून गेले, असे त्यांना म्हणायचे होते. बाईंचे एका ओळीचे उत्तर आले, ‘आपण नक्की कोणाशी बोललात?’ कारण त्या वाक्याचा अर्थ होतो, मी तुम्हाला डावलून तुमच्या वरिष्ठांकडे गेलो. पुण्यातील साहेबांनी मध्ये पडून खुलासा केला आणि प्रकरण मिटले, पण पत्रलेखकांच्या मनातून ते गेलेले नाही. त्याआधीही एकदा ‘जस्ट अ हेड्स-अप’ अशी सुरुवात असलेली मेल त्यांना ‘मान ताठ ठेवा’ असा धीर देणारी वाटली होती, आणि तिच्यात दिलेली तपासणीची बदललेली तारीख त्यांच्या नजरेतून निसटली होती. आता त्यांनी हजार इंग्रजी वाक्प्रचारांचे पुस्तक आणले आहे. रोज रात्री दहा पाठ करतात आणि आठवीतली मुलगी त्यांची परीक्षा घेते. याच सुमारास कंपनीने ही मंगळवारची बैठक स्वतः चालवण्याचे पद त्यांना देऊ केले आहे. ते विचारतात, ‘एवढे वाक्प्रचार पाठ कसे करायचे? ज्याला हे येत नाहीत त्याला इंग्रजी येत नाही, हेच खरे. मग हे पद नाकारणेच शहाणपणाचे नाही का?’

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या एका वाक्यापाशी थांबलो. तुम्ही ज्या वाक्याची लाज बाळगून आहात, ते वाटते तितके चुकलेले नाही. ‘बोलणे डोक्यावरून जाणे’ हे चित्र मराठीत आहे आणि इंग्रजीतही नेमके तेच आहे. वाक्प्रचार तुम्ही योग्य निवडला होता. ‘इट वेंट ओव्हर माय हेड’ असे लिहिले असते, तर बाईंनी वेळापत्रक पुन्हा समजावून सांगितले असते आणि हे पत्र मला आलेच नसते. तुमच्या वाक्यात फक्त जाणारा आणि डोके असणारा यांची अदलाबदल झाली. एखादे बोलणे माझ्या डोक्यावरून गेले, तर मला ते समजले नाही. मी तुमच्या डोक्यावरून गेलो, तर मी तुम्हाला ओलांडून वरच्या साहेबाकडे गेलो. याच शब्दांचा तिसराही एक अर्थ आहे, तो माहीत असू द्या. ‘आय अॅम इन ओव्हर माय हेड’ असे कोणी म्हटले, तर तो पाय टेकणार नाहीत इतक्या खोल पाण्यात उतरला आहे, म्हणजे अंगावर घेतलेले काम त्याच्या आवाक्याबाहेर गेले आहे. आपण ‘आता पाणी डोक्यावरून गेले’ म्हणतो तेव्हा चित्र तेच असते, पण सांगायचे असते ते सहनशक्ती संपल्याचे. चित्र जुळले म्हणून अर्थ जुळतोच असे नाही, आणि इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाची फसगत बहुतेक वेळा याच ठिकाणी होते.

‘ज्याला हे येत नाहीत त्याला इंग्रजी येत नाही’ या तुमच्या वाक्याशी मी सहमत नाही. दोन वर्षे तुम्ही या बैठकीत बसत आहात, वेळापत्रके पाठवत आहात, उशीर झाला तर त्याची कारणे लिहीत आहात आणि माल वेळेवर जात आहे. हे सगळे इंग्रजीतच झाले. वाक्प्रचार समजणे ही एक गोष्ट आहे आणि ते स्वतः वापरणे ही दुसरी. पहिली तुमच्या कामाची गरज आहे, कारण समोरचा माणूस ते वापरणारच. दुसरीची सक्ती तुमच्यावर कोणीही केलेली नाही. ‘आय डिड नॉट अंडरस्टँड द न्यू शेड्यूल’ हे वाक्य शुद्ध आहे, सभ्य आहे आणि त्याचा दुसरा अर्थ निघूच शकत नाही. ज्या मेलवर माल, पैसा आणि तारीख अवलंबून आहे, तिच्यात असेच लिहावे, असे मी जन्माने इंग्रजी बोलणाऱ्यालाही सांगेन.

सगळा दोष मराठी माध्यमाला देण्याचा तुमचा सूर आहे. तोही मला पटत नाही, आणि याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण उपायाची वाट इथूनच जाते.

मराठीत डोक्यासाठी किती शब्द आहेत ते पाहा. विचार करते ते डोके, पदर असतो तो डोईवर, सूर्य येतो तो माथ्यावर, देवापुढे लवते ते मस्तक, युद्धात पडते ते शिर, नशीब लिहिलेले असते ते कपाळावर आणि राग आला की सटकते ते टाळके. नको असलेली वस्तू आपण माथी मारतो, मोठ्यांची आज्ञा शिरोधार्य मानतो आणि हाताखालचा माणूस शिरजोर झाला की त्याला डोईजड म्हणतो. यांतला एक शब्द काढून त्याच्या जागी दुसरा घातला, तर वाक्य लगेच कानाला खटकते. कोणताही मराठी माणूस ‘कपाळ चालव’ म्हणणार नाही.

इंग्रजीत रोजच्या बोलण्यात या सगळ्यासाठी प्रामुख्याने एकच शब्द राबतो, हेड. त्यामुळे अर्थ वेगळे ठेवण्याचे काम त्याच्या शेजारच्या छोट्या शब्दांवर येते. ओव्हर, ऑफ, इन, टू, अप, डाउन, अराउंड, अबव्ह यांपैकी कोणता शब्द आला, यावर सगळे ठरते. मराठीही ‘वर’, ‘त’, ‘वरून’ यांनी असे काम करते, पण शब्दच बदलण्याची सोय तिच्याकडे अधिक आहे. म्हणून आपला कान नामाकडे लागलेला असतो. ‘हेड’ ऐकले की आपण ‘डोके’ म्हणतो आणि शेजारचा छोटा शब्द ऐकायचा राहून जातो. तुमच्या दोन्ही फजित्यांचे मूळ मला इथे दिसते. पहिल्या वेळी ‘ओव्हर’च्या अलीकडचा आणि पलीकडचा शब्द बदलला, दुसऱ्या वेळी ‘अप’चा अर्थ ‘ताठ’ असा लागला.

त्या दुसऱ्या वेळेचे सांगतो. वरून काही येत असले की ‘हेड्स अप!’ असे ओरडतात, म्हणजे मान वर करा, बघा, सावध व्हा. त्यावरून ‘अ हेड्स-अप’ म्हणजे आगाऊ सूचना. मेलच्या सुरुवातीला हे शब्द दिसले की खाली एखादी तारीख, बदल किंवा अडचण आहे असे समजावे आणि ती ओळ सर्वांत आधी वाचावी. तुम्हाला जो धीर देणारा अर्थ वाटला, त्यासाठी इंग्रजीत ‘चिन अप’ म्हणतात. तिथे हनुवटी वर जाते. आणि ‘कीप युवर हेड डाउन’ म्हणजे कोणाच्या नजरेत न येता गप्प आपले काम करत राहणे. आपल्या ‘मान खाली घालून काम करणे’ याच्या ते बरेच जवळ आहे.

पाहा, इथे आपण डोक्यावरून मानेवर आलो. इंग्रजीत जिथे हेड आहे, तिथे मराठीत पुष्कळदा मान असते. इंग्रज माणूस अभिमानाने हेड उंच धरतो आणि शरमेने ते खाली घालतो. आपण दोन्ही वेळा मानेचे नाव घेतो. तो होकारासाठी हेड ‘नॉड’ करतो आणि नकारासाठी ‘शेक’ करतो. आपण दोन्ही वेळा ‘मान हलवली’ म्हणू शकतो आणि होकार की नकार ते मागच्या-पुढच्या बोलण्यावरून कळते. व्हिडिओवरच्या बैठकीत याची जाणीव ठेवा. आपण ऐकत आहोत एवढे दाखवण्यासाठी मान जी बाजूला डोलवतो, तिचा अर्थ समोरच्याला लागेलच असे नाही. तोंडाने ‘येस, अॅग्रीड’ किंवा ‘नो, नॉट पॉसिबल’ म्हणावे.

कधी इंग्रजीचे हेड मराठीत मुख होते. शाळेचा हेडमास्तर आपल्याकडे मुख्याध्यापक आणि खात्याचा हेड खातेप्रमुख. दोन्ही शब्दांत मुख आहे. तुमच्या कचेरीत रोज ऐकू येणारे एक वाक्य याच नात्याने उलगडते. ‘द इश्यू हॅज कम टू अ हेड’ असे कोणी म्हणाले, तर तेथे हेडचा साहेबाशी काही संबंध नाही. ते चित्र गळवाचे आहे. गळू पिकून टोकाशी पांढरे होते, त्याला इंग्रजीत हेड म्हणतात, आणि आपण त्यालाच गळवाला तोंड आले म्हणतो. प्रश्न आता इतका पिकला आहे की तो फुटणार, अधिक दाबून ठेवता येणार नाही, असा त्या वाक्याचा अर्थ. हे एकदा डोळ्यांपुढे आले की पाठ करावे लागत नाही.

आणि कधी दोन्ही भाषा एकमेकींच्या इतक्या जवळ येतात की नवल वाटते. माणशी उत्पन्नाला आपण दरडोई उत्पन्न म्हणतो, इंग्रजीत ‘पर हेड’ म्हणतात. निवडणुकीतल्या ‘पोल’ या शब्दाचा जुना अर्थ डोके असाच आहे. मते मोजणे म्हणजे डोकी मोजणे, आणि आपल्याकडे लोकसंख्येच्या मोजणीला शिरगणती हा शब्द आहेच. समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकाला इंग्रजीत ‘हेडलँड’ म्हणतात, आपण भूशिर म्हणतो. वाक्प्रचारांतही अशी जुळणारी मंडळी आहेत. ‘बँगिंग माय हेड अगेन्स्ट अ ब्रिक वॉल’ म्हणजे आपले भिंतीवर डोके आपटणे. ‘कीप अ कूल हेड’ म्हणजे डोके थंड ठेवणे. ‘हेडेक’ म्हणजे डोकेदुखी, आणि ती त्रासदायक गिऱ्हाइकालाही दोन्हीकडे म्हणतात. ‘लेट अस पुट अवर हेड्स टुगेदर’ म्हणजे चार डोकी एकत्र आणू या. ‘सक्सेस वेंट टू हिज हेड’ म्हणजे यशाची हवा त्याच्या डोक्यात गेली. हे सगळे तुम्हाला मराठी येते म्हणून आधीपासून येत आहे. तुमच्या हजारांच्या पुस्तकातून अशी जुळणारी वाक्ये पहिल्यांदा वेगळी काढा. ती पाठ करण्यात एक रात्रही घालवू नका.

रात्र घालवायची असेल तर ती फसव्या जोड्यांवर घालवा, म्हणजे ज्यांचे शब्द जुळतात आणि अर्थ जुळत नाही अशांवर. ‘तो माझ्या डोक्यात जातो’ हे इंग्रजीत शब्दशः नेले, तर तो माणूस मला धुंदी आणतो असे काहीतरी ऐकू येईल. त्रास सांगायचा असेल तर ‘ही अॅनॉइज मी’ पुरे. ‘माझे डोके फिरले’ म्हणजे मला संताप आला, पण ‘माय हेड इज स्पिनिंग’ म्हणजे मला गरगरते आहे किंवा इतक्या गोष्टी एकदम कानावर आल्या की मी गोंधळलो. ‘डोके खाऊ नकोस’ याचे ‘डोन्ट ईट माय हेड’ आपल्या देशात सर्वत्र चालते आणि आपल्यात ते वापरण्यात मला काही गैर वाटत नाही, परंतु इंग्लंडमधल्या माणसापुढे ते वापरल्यास तो थबकेल. ‘घर डोक्यावर घेणे’, ‘मुलाला डोक्यावर बसवणे’, ‘डोक्यात राख घालून घेणे’ ही तर आपल्या घरची खास मंडळी आहेत; त्यांना इंग्रजी कपडे चढवू नयेत.

यांतली एक जोडी विशेष जपून ठेवण्यासारखी आहे, कारण तिथे प्रकृतीचा प्रश्न येतो. आपण ‘डोके हलके झाले’ म्हणतो ते काळजी उतरल्यावर. इंग्रजीतले ‘लाइट-हेडेड’ म्हणजे घेरी येईल, तोल जाईल असे वाटणे. परदेशातल्या रुग्णालयात काम करायला निघालेल्या आपल्याकडच्या परिचारिकांनी हे लक्षात ठेवावे, कारण ‘आय फील लाइट-हेडेड’ म्हणणाऱ्या रुग्णाला आधी खाली बसवायचे असते. परदेशी शिकणाऱ्या मुलांनीही ठेवावे. डॉक्टरांना आपले दुखणे सांगताना त्यांनी वाक्प्रचार शोधू नये, जे होते आहे ते साध्या शब्दांत सांगावे.

आता तुमच्या मंगळवारच्या बैठकीत कानावर पडतील अशा काही गोष्टी. कोणी ‘ऑफ द टॉप ऑफ माय हेड, फोर हंड्रेड पीसेस’ म्हणाले, तर तो आकडा त्याने कागद न पाहता, आत्ता आठवला म्हणून सांगितला आहे. आपण त्याला अंदाजपंचे म्हणतो. तो वेळापत्रकात घालू नका. ‘प्लीज कन्फर्म इन रायटिंग’ म्हणा. तुमच्या कामात हे एक वाक्य बाकी शंभरांपेक्षा मोलाचे ठरू शकते. ‘आय अॅम ट्राइंग टू गेट माय हेड अराउंड इट’ म्हणजे गोष्ट अजून माझ्या पचनी पडलेली नाही, मला वेळ द्या. तो नकार नसतो. ‘आय कान्ट मेक हेड ऑर टेल ऑफ युवर शीट’ म्हणजे तुमच्या तक्त्याचा मला शेंडा-बुडखा लागत नाही. इथे बोलणाऱ्याला तक्ता पुन्हा हवा आहे. ‘लेट अस हेड धिस ऑफ’ यात हेड हे क्रियापद आहे. पळत्या जनावराच्या पुढे जाऊन त्याला आडवे व्हावे आणि वळवावे, तसे येऊ घातलेल्या अडचणीला वाटेतच अडवणे. मात्र ‘आय अॅम हेडिंग ऑफ’ म्हणजे मी निघालो, एवढेच. ‘वी आर जस्ट कीपिंग अवर हेड्स अबव्ह वॉटर’ असे पुरवठादार म्हणाला, तर तो बुडालेला नाही, पण त्याला आणखी काम पेलणार नाही. हे ऐकून नवी मागणी टाकण्याआधी विचार करावा. ‘हेड्स विल रोल’ ऐकून मात्र घाबरू नका. मुंडकी उडण्याचे हे जुने चित्र आज नोकऱ्या जाण्यासाठी वापरतात, आणि पुष्कळदा नुसते रागाच्या भरात.

तुम्ही पुस्तकातल्या ‘हेड ओव्हर हील्स’ या वाक्प्रचारापुढे प्रश्नचिन्ह केल्याचे लिहिले आहे: डोके टाचांच्या वर तर रोजच असते, मग त्यात प्रेमात आकंठ बुडण्याचे काय आले? प्रश्न अगदी योग्य आहे. मूळ रूप ‘हील्स ओव्हर हेड’ असे होते, म्हणजे टाचा वर आणि डोके खाली, कोलांटी खाल्ल्यासारखे; अठराव्या शतकात ते उलटे झाले आणि उलटेच रुळले. वाळूत डोके खुपसणाऱ्या शहामृगाचेही तसेच. शहामृग असे करत नाही; तो जमिनीत खळगा करून अंडी घालतो आणि चोच खाली नेऊन ती फिरवतो, तेव्हा लांबून तसे दिसते. पण संकटाकडे डोळेझाक करणाऱ्यासाठी ते चित्र इंग्रजीत कायमचे बसले, आणि आपल्याकडे त्या जागी डोळे मिटून दूध पिणारे मांजर आहे. ज्या भाषेच्या स्वतःच्या लोकांनी शब्दांची अशी उलटापालट करून ठेवली, तिच्यात तुमचा एक शब्द उलटा पडला, तर त्यासाठी झोप घालवावी असे मला वाटत नाही.

पाठांतराविषयी माझे मत स्पष्ट आहे: ते थांबवा. रोज दहा या हिशेबाने हजार वाक्प्रचार शंभर दिवसांत संपतील, आणि त्यांतले बरेच तुमच्या बैठकीत कधी उच्चारलेच जाणार नाहीत. पुस्तकात वाक्प्रचार एकटा उभा असतो. तो कोण कोणाला म्हणतो, रागाने म्हणतो की प्रेमाने, साहेबाला म्हणता येतो की नाही, हे त्याच्या शेजारी नसते. ‘बाइट माय हेड ऑफ’ याचा अर्थ ‘माझ्यावर खेकसणे’ असा तुम्ही पाठ कराल, पण वरिष्ठ बाईंना ‘प्लीज डोन्ट बाइट माय हेड ऑफ’ म्हणणे किती आगाऊपणाचे आहे हे पुस्तक सांगणार नाही. त्याऐवजी एक छोटी वही करा. बैठकीत जे वाक्य अडले, ते पूर्ण वाक्य लिहा, हेडच्या आधीच्या आणि नंतरच्या शब्दाखाली रेघ ओढा, कोण कोणाला आणि कशाबद्दल म्हणाले ते लिहा, आणि समोर त्याच प्रसंगी आपण मराठीत काय म्हणालो असतो ते लिहा. भाषांतर लिहू नका. मराठी माणूस तिथे जे म्हणेल ते लिहा. आठवड्याला दोन वाक्ये झाली तरी पुष्कळ. जे वाक्य दोन-तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकले, तेवढेच स्वतः वापरायला घ्या, आणि तेही आधी बोलण्यात, मेलमध्ये नंतर.

आणि अडले तर तिथल्या तिथे विचारा. मला ठाऊक आहे की हेच तुम्हाला सर्वांत जड वाटते. जेम्स मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने कँडी बंधूंच्या साहाय्याने मराठी–इंग्रजी कोश तयार केला, तो १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला आणि आजही अभ्यासक तो उघडतात. या मंडळींना आपली भाषा पाठांतराने आली नाही. जवळ बसलेल्या शास्त्री-पंडितांना विचारून, पुन्हा विचारून त्यांनी शब्दांचे अर्थ लिहून घेतले. त्यांनी विचारले म्हणून त्यांना कोणी कमी लेखल्याचे मी वाचलेले नाही. तुम्ही एवढेच म्हणा, ‘सॉरी, कुड यू पुट दॅट इन अदर वर्ड्स?’ बोलणाऱ्याला आपण वाक्प्रचार वापरला हे बहुतेक वेळा लक्षातही आलेले नसते. तो लगेच साध्या शब्दांत सांगतो. त्या बैठकीत पुण्याकडचे आणखी दोघे-तिघे गप्प बसलेले असतील, तर त्यांनाही उत्तर हवेच असते.

त्या बाईंशी तुमचे बोलणे साहेबांमार्फत मिटले, तुमच्याकडून मिटले नाही, आणि सल तिथेच राहिला असावा असा माझा तर्क आहे. त्यांना चार ओळींची मेल लिहा. मला म्हणायचे होते की तुमचे बोलणे मला समजले नाही. आमच्या मराठीत यासाठी जवळजवळ हेच शब्द आहेत, म्हणून माझी चूक झाली. मी कोणाकडेही तक्रार केलेली नव्हती. एवढे पुरे. माफी एकदाच मागा. मराठीतले मूळ वाक्य आणि त्याचा अर्थ त्यांना जरूर कळवा. आपल्याला राग आला त्यामागे निव्वळ दोन भाषांचे साम्य होते, हे समजले की कोणाचाही राग उतरतो.

राहिला पदाचा प्रश्न. पद नाकारले तर पुढचे काही महिने तुम्हाला हायसे वाटेल, हे मी नाकारत नाही. परंतु बैठक तीच राहील, तुम्ही तिच्यात असालच, आणि बोलण्याचा वेग दुसरा कोणीतरी ठरवत असेल. बैठक चालवणाऱ्याच्या हाती एक सोय असते, जी आज तुमच्या हाती नाही: विषय आधी लेखी मागवता येतात, प्रत्येक विषयाच्या शेवटी ‘सो वी हॅव अॅग्रीड दॅट...’ असे म्हणून ठरलेली गोष्ट साध्या वाक्यात पुन्हा सांगता येते, आणि इतिवृत्त आपल्या शब्दांत त्याच संध्याकाळी पाठवता येते. ज्याला वाक्प्रचारांची धास्ती आहे, त्याच्यासाठी खुर्चीत बसणे हे कोपऱ्यात बसण्यापेक्षा सोपे आहे. मात्र एक गोष्ट साहेबांना आधी विचारून घ्या. या पदात किमतींची घासाघीस किंवा करारावरची चर्चा फोनवर करावी लागणार असेल, तर तिथे शब्दाच्या छटेवर पैसा ठरतो, आणि पहिले सहा महिने जोडीला एखादा अनुभवी सहकारी मागणे रास्त आहे. तो मिळत नसेल तर थांबा. केवळ वेळापत्रक आणि पुरवठा असेल, तर नकार देण्याचे कारण मला तुमच्या पत्रात सापडले नाही.

आणि मुलीने घेतलेली परीक्षा चालू राहू द्या, पण ती उलट्या बाजूने. तुम्ही लिहिले आहे की ती इंग्रजी माध्यमात शिकते आणि तुमचे उच्चार दुरुस्त करते. उद्या रात्री तिला तुम्ही विचारा, डोक्यात राख घालून घेणे म्हणजे काय, आणि हे इंग्रजीत कसे सांगशील? ‘अॅश’ आणि ‘हेड’ हे दोन शब्द घेऊन ती थोडा वेळ अडेल. मग वही उघडा, आणि राख घालून घेणारा माणूस नेमके काय करतो, कोणावर रागावतो, राग उतरल्यावर त्याचे काय होते, हे तिला मराठीत सांगा; त्यापुढे इंग्रजी वाक्य दोघांनी मिळून शोधा.